अकरा जणांनी लिहिलेला पेपर

पत्र थोडक्यात

डॅलसजवळच्या एका उपनगरातून एका वडिलांनी लिहिलं आहे. मूळ गाव नाशिक, अमेरिकेत येऊन सतरा वर्षं झाली, काम सॉफ्टवेअरचं. मुलगा पंधरा वर्षांचा, हायस्कूलच्या दुसऱ्या वर्षाला, शाळेच्या ज्युनिअर व्हार्सिटी, म्हणजे दुय्यम, अमेरिकन फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक. उन्हाळ्यात बापलेकांनी मिळून हंगामाची उद्दिष्टं ठरवली. दहा सामन्यांत ६५ टक्के पास पूर्ण, १,५०० यार्ड, १८ टचडाउन, आणि इंटरसेप्शन चारच्या वर नाहीत. खासगी क्वार्टरबॅक कोचनेही "असे आकडे पुढे कॉलेजवाल्यांना दाखवता येतात" म्हणून मान डोलावली. वडिलांनी स्प्रेडशीट केली आणि छापून फ्रिजवर लावली. चार सामने झाले. ७२ पास, त्यातले ३९ पूर्ण, म्हणजे ५४ टक्के. ५ टचडाउन, ६ इंटरसेप्शन. तिसऱ्या सामन्यानंतर वडिलांनी रोज संध्याकाळी परसात शंभर जादा पास टाकायला लावले. चौथ्या सामन्यात इंटरसेप्शन एकही नाही, पण मुलगा पाचदा सॅक झाला आणि संघ हरला. घरी येताना गाडीत तो एवढंच म्हणाला, "बाबा, तू आधी शीट उघडतोस, मग माझ्याकडे बघतोस." तेव्हापासून जेवढ्यास तेवढं बोलतो. आई म्हणते, सगळे आकडे बंद करा. वडील विचारतात, उद्दिष्टं कमी करू, की तशीच ठेवून शिस्त वाढवू? पत्राची शेवटची ओळ अशी: "शीटमध्ये कुठे चुकलं ते सांगा, मी दुरुस्त करतो."

उत्तर

नमस्कार,

तुम्ही शीटबद्दल विचारलंत, म्हणून शीटपासूनच सुरुवात करते. गाडीतल्या त्या वाक्याकडे नंतर येते.

भारतात बसून हे वाचणाऱ्यांसाठी आधी थोडं सांगते. हा फुटबॉल पायाने खेळायचा नाही. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा जण, शंभर यार्डांचं मैदान. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, जमलं तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात. चेंडू हातात आला की त्याचं काय करायचं हे क्वार्टरबॅक ठरवतो. शेजारच्याच्या हातात द्यायचा, स्वतः घेऊन पळायचा, की पुढे धावत गेलेल्या रिसीव्हरकडे फेकायचा. फेकलेला चेंडू आपल्या माणसाने झेलला तर पास पूर्ण, समोरच्याने झेलला तर इंटरसेप्शन, आणि फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला आडवं पाडलं तर सॅक. चेंडू समोरच्यांच्या टोकापर्यंत पोचवला की टचडाउन. हे सगळं ठरवायला त्याच्याकडे अडीच-तीन सेकंद असतात.

आता हिशेब. ७२ पासांपैकी ३९ पूर्ण झाले. ६५ टक्क्यांसाठी ४७ लागले असते. म्हणजे आठ कमी पडले, सामन्यामागे दोन. तुमच्या घरात ज्यावरून बोलणं थांबलं आहे, तो फरक सामन्यामागे दोन पासांचा आहे. तुम्ही आकड्यांतले आहात म्हणून हेही सांगते: एखाद्या मुलाची खरी कुवत ६० टक्क्यांची आहे असं धरलं, तरी नुसत्या ७२ पासांत त्याचा आकडा ५४ ते ६६ यांमध्ये कुठेही सहज पडू शकतो, आणि दर तीन वेळांतून एकदा त्याच्याही बाहेर जाईल. त्यात त्याची सुधारणाही नसते आणि घसरणही नसते, नमुनाच लहान असतो. ऑफिसात एवढ्या विदेवरून कोणी निष्कर्ष काढला असता तर तुम्हीच त्याला थांबवलं असतंत.

आणि मुळात हे ६५ आलं कुठून? एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधल्या, जगातल्या सर्वोत्तम बत्तीस संघांत, अलीकडच्या हंगामांतली सरासरी साधारण तेवढीच, ६४-६५ टक्के आहे. तुमचा मुलगा सामन्यात अठरा पास टाकतो, दहा सामन्यांत १८० होतील. त्यात चार इंटरसेप्शन म्हणजे सव्वादोन टक्के. हीसुद्धा जवळपास एनएफएलचीच सरासरी. १८ टचडाउन म्हणजे दर दहा पासांना एक. २०२०मध्ये ॲरन रॉजर्स लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, त्या वर्षी त्याचे ५२६ पासांत ४८ टचडाउन होते, दर अकरा पासांना एक. हायस्कूलमध्ये समोरचा बचाव तितका पक्का नसतो, काही शाळांतली मुलं याहून मोठे आकडे काढतात, त्यामुळे ही तुलना सरळसोट करता येणार नाही, हे मला मान्य आहे. पण ज्याचा आवाज अजून पुरता फुटलेला नाही अशा मुलासमोर तुम्ही नकळत व्यावसायिकांची सरासरी किमान पायरी म्हणून ठेवलीत. "हे आकडे कुणाचे आहेत" हा प्रश्न उन्हाळ्यात कोणीच विचारला नाही. त्या खासगी कोचनेही नाही, आणि त्याने विचारायला हवा होता.

तुमच्या पत्रात एक गृहीतक आहे, आणि ते आपल्या सगळ्यांच्या हाडीमाशी इतकं भिनलेलं आहे की दिसतच नाही. आपण टक्केवारीत वाढलेली माणसं. दहावीला किती, बारावीला किती, यावर आपलं पुढचं सगळं ठरलं. टक्के म्हणजे माणसाची मेहनत असं आपल्याला मनापासून वाटतं, आणि परीक्षेच्या बाबतीत ते बरंचसं खरंही होतं, कारण तिथे पेपर एकट्याने लिहायचा असतो. इथे एकाच उत्तरपत्रिकेवर अकरा जण लिहितात, आणि समोर अकरा जण ती फाडायला टपलेले असतात. मार्क मात्र एकाच्या नावावर पडतात.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझा मुलगा इथल्या हायस्कूलमध्ये तीन वर्षं लाइनमन होता, डावा गार्ड. क्वार्टरबॅकच्या पुढे उभं राहून धक्के खायचे आणि त्याला ते अडीच सेकंद मिळवून द्यायचे, हे त्याचं काम. लाइनमनला आकडाच नसतो. स्थानिक पेपरात सामन्याचा तक्ता यायचा, त्यात पास टाकणाऱ्याची ओळ असायची, झेलणाऱ्याची असायची, पळणाऱ्याची असायची. तीन वर्षांत माझ्या मुलाचं नाव त्या तक्त्यात एकदाही आलं नाही. पहिल्या वर्षी मला त्याचं फार वाईट वाटलं. आता वाटतं, त्याच्यावर तेवढी कृपा झाली.

त्याच संघासाठी दोन हंगाम मी साइडलाइनवर उभी राहून आकडे लिहायचं काम केलं. त्यामुळे ते आकडे कसे तयार होतात हे मी जवळून पाहिलं आहे. रिसीव्हरच्या छातीवर आलेला चेंडू हातातून निसटला, की क्वार्टरबॅकच्या नावावर पास अपूर्ण. रिसीव्हर डावीकडे वळायचा तो उजवीकडे वळला, पास अपूर्ण. अंगावर तिघे धावून आले म्हणून मुलाने शहाणपणाने चेंडू मैदानाबाहेर भिरकावला, तोही अपूर्ण. याउलट शेजारून पळत जाणाऱ्या मुलाकडे त्याने चेंडू हातभर पुढे नुसता उडवला आणि तो मुलगा पुढचे साठ यार्ड एकटा पळाला, की साठही यार्ड क्वार्टरबॅकच्या खात्यात आणि वर टचडाउन. नियमाने तो पुढे टाकलेला पासच असतो. इंटरसेप्शनचंही तसंच. आपल्याच रिसीव्हरच्या हाताला लागून उडालेला चेंडू समोरच्याने झेलला, तरी रकाना तोच. तुमच्या शीटमध्ये सहा लिहिलेत. त्या सहांपैकी किती तुमच्या मुलाच्या चुकीच्या निर्णयाचे होते, किती चुकीच्या फेकीचे आणि किती दुसऱ्याच्या हातून उडालेले, हे शीटला ठाऊक नाही. तुम्हाला ठाऊक आहे का?

मोठ्यांच्या खेळातही असंच होतं. पेटन मॅनिंग या पुढे दिग्गज ठरलेल्या क्वार्टरबॅकने १९९८मध्ये, एनएफएलमधल्या पहिल्याच हंगामात, २८ इंटरसेप्शन दिले. नवख्या क्वार्टरबॅकचा तो विक्रम आजही त्याच्या नावावर आहे. संघ तीन सामने जिंकला आणि तेरा हरला. संघाने त्याला सोळाही सामने खेळवलं. पुढच्या वर्षी तेच गणित उलटलं, तेरा जिंकले आणि तीन हरले. '२८ फार झाले, याला बसवा' असं कोणी त्या डिसेंबरात ठरवलं असतं तर ते आकड्यांना धरूनच झालं असतं. पॅट्रिक महोम्स या क्वार्टरबॅकने २०१६मध्ये, कॉलेजात असताना, टेक्सास टेक विद्यापीठाकडून ओक्लाहोमाविरुद्ध एकाच सामन्यात ७३४ यार्ड फेकले. तो सामना त्याचा संघ ५९-६६ असा हरला. पिछाडीवर असलेला संघ फेकत राहतो, आघाडीवर असलेला संघ चेंडू हातात धरून पळतो आणि घड्याळ संपवतो. एकूण यार्डांचं उद्दिष्ट ठेवणं म्हणजे अर्धवट आपल्याच संघाच्या पिछाडीवर भिस्त ठेवणं.

तुमच्यासाठी सगळ्यात जवळचं उदाहरण क्वार्टरबॅक जॉश ॲलनचं आहे. वायोमिंग विद्यापीठात त्याचे ५६ टक्के पास पूर्ण व्हायचे, आणि २०१८मध्ये एनएफएलच्या बफेलो बिल्स संघाने त्याला नव्या खेळाडूंच्या निवडीत पहिल्या फेरीत घेतलं तेव्हा याच आकड्यावरून टीका झाली. पहिल्या हंगामात ५२.८ टक्के. दुसऱ्यात ५८.८. तिसऱ्यात ६९.२. मधल्या काळात त्याने पाय कसे टाकायचे, खांदा कसा फिरवायचा यावर पुष्कळ काम केलं. आणि त्या तिसऱ्या हंगामाआधीच स्टेफॉन डिग्ज नावाचा उत्तम रिसीव्हर बफेलोत आला. वाढलेल्या दहा टक्क्यांतले किती ॲलनच्या खांद्याचे आणि किती डिग्जच्या हातांचे, हे कोणालाही वेगळं काढून दाखवता येणार नाही. ॲलनच्या हातात फक्त खांद्याचा आणि पायांचा भाग होता, आणि त्याने तो केला.

आता चौथ्या सामन्याकडे येते, कारण मला खरी काळजी तिथे वाटते. इंटरसेप्शन शून्य, सॅक पाच. तुम्ही ते सुधारणा म्हणून लिहिलंत. मी त्या मैदानावर नव्हते, चूक असू शकते, पण मला ते असं दिसतं: पोराच्या डोक्यात दोन रकाने होते. लांब फेकला आणि इंटरसेप्शन झाला तर शीट लाल. बाहेर भिरकावला तर टक्के खाली. सॅकचा रकाना तुमच्या शीटमध्ये नाहीच. मग त्याने काय केलं असेल? चेंडू हातात धरून ठेवला. ज्या रकान्याची कोणी नोंद घेत नव्हतं, त्या रकान्यात तो आपल्या अंगाने जाऊन पडला. धरून ठेवलेला चेंडू म्हणजे न बघितलेल्या बाजूने येणारा धक्का, आणि पंधरा वर्षांच्या मुलाचं डोकं जमिनीवर आपटण्याची शक्यता. नियमात बसेल असा चेंडू बाहेर टाकता येणं हे या खेळातलं मोठं कसब आहे. तुमच्या शीटने त्याला दंड लावला होता.

म्हणून पहिली दुरुस्ती आजच करा. बाहेर टाकलेला चेंडू हा अधिकचा गुण धरा, आणि तसं मुलाला तोंडाने सांगा. तुमच्या तोंडून त्याला ते ऐकायला मिळालं पाहिजे.

दुसरी दुरुस्तीही आजचीच. परसातले शंभर पास थांबवा. शाळेचा सराव झाल्यावर, थकलेल्या खांद्याने टाकलेले शंभर पास त्याला काही शिकवत नाहीत, चुकीची सवय मात्र घट्ट करतात. शिवाय या वयात खांद्याच्या आणि कोपराच्या हाडांची टोकं अजून वाढत असतात. बेसबॉलमध्ये याच कारणासाठी वयानुसार चेंडू फेकण्याची मर्यादा आखून दिलेली असते. फुटबॉलमध्ये तशी मोजणी सहसा होत नाही, म्हणून ती आईबापांनी आणि कोचने करायची. शाळेच्या ॲथलेटिक ट्रेनरला विचारा, आठवड्यात एकूण किती फेकी होतात ते एकत्र मोजा, आणि खांदा किंवा कोपर दुखतं असं तो म्हणाला तर फेकणं त्याच दिवशी बंद करून डॉक्टरांकडे जा.

तर मग उद्दिष्टं ठेवायचीच नाहीत का? तुमच्या बायकोचं म्हणणं मला कळतं, तिने घरातलं वातावरण सांभाळायला ते सुचवलं आहे. पण मी तिच्याशी पूर्ण सहमत नाही. उन्हाळ्यात उद्दिष्टं लिहायला तुमच्याइतकाच तुमचा मुलगाही बसला होता. आपण सुधारतोय की नाही हे कळावं अशी त्याचीही इच्छा आहे. ती त्याच्याकडून काढून घेऊ नका, मोजायची गोष्ट बदला.

रमाकांत आचरेकर सर शिवाजी पार्कवर सचिनच्या सरावात स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवायचे, ही गोष्ट तुम्ही लहानपणापासून ऐकली असेल. जो गोलंदाज त्याला बाद करेल त्याचं नाणं, कोणीच बाद केलं नाही तर सचिनचं. अशी तेरा नाणी त्याने जपून ठेवली. मला त्या नाण्यात तीन गोष्टी दिसतात. सरांनी धावा मोजल्या नाहीत, विकेट सांभाळणं मोजलं, आणि ते पुष्कळसं त्या मुलाच्याच हातात होतं. हिशेब त्या दिवसापुरता होता, संध्याकाळी मिटायचा, दुसऱ्या दिवशी नवं नाणं. आणि नाणं सरांनी ठेवलं होतं, घरच्यांनी नाही. सचिनच्या वडिलांनी, ते मराठीचे प्राध्यापक होते, स्टंपवर काही ठेवल्याचं मी कधी ऐकलेलं नाही.

फुटबॉलमध्ये असं नाणं लाइनमनच्या पोरांना आधीपासून मिळतं. त्यांना आकडा नसतो म्हणून कोच सामन्याची फिल्म बघून प्रत्येक प्लेला, म्हणजे प्रत्येक प्रयत्नाला, अधिक किंवा उणे देतात. पाय बरोबर टाकलास का, ज्याला अडवायचं त्यालाच अडवलंस का. प्लेचा शेवट काय झाला याला महत्त्व नसतं. माझा मुलगा शनिवारी सकाळी आपला कागद घेऊन यायचा, त्यावर लिहिलेलं असायचं की पन्नास प्लेपैकी एकेचाळीस अधिक. संघ हरला तरी त्याला आपलं काम कळायचं, संघ जिंकला तरी नऊ चुका कळायच्या. हीच पद्धत क्वार्टरबॅकला लावता येते, आणि बरेच कोच लावतातही.

करायचं असं. शाळेच्या कोचला भेटायची वेळ मागा, मुलाला बरोबर घ्या, आणि बोलणं मुलाला करू द्या. त्याने एवढंच विचारायचं: "या हंगामात माझ्याकडून तुम्हाला कोणत्या दोन गोष्टी हव्या आहेत?" दोनच. पाच मागितल्या तर पुन्हा शीट होईल. बहुतेक कोच अशा वयाच्या मुलाला सांगतात की आधी बचाव वाचायला शीक, आणि चेंडू वेळेवर सोड. मग फिल्म बघताना प्रत्येक पासाला एकच प्रश्न विचारायचा. जिथे बघायला हवं होतं तिथे बघितलं का, आणि जो मोकळा होता त्याच्याकडेच गेला का? हो किंवा नाही. झेलला की नाही हा प्रश्नच नाही. सुरुवातीला ते कोचने लिहावं, कारण कोणत्या प्लेला कोणाकडे आधी बघायचं हे तुम्हाला ठाऊक नसतं. तुम्ही अंदाजाने लिहिलंत तर मुलाला ते लगेच कळेल, आणि तुमच्यावरचा विश्वास आणखी कमी होईल. दहांतले सहा बरोबर येत असतील तर पुढच्या तीन सामन्यांत सात. असं छोटं, आणि स्वतःच्याच मागच्या आकड्याशी ताडून.

वेळेवर सोडणं हे स्टॉपवॉचवर मोजता येतं, आणि हे काम मात्र तुम्ही करू शकता, त्याची हरकत नसेल तर. स्नॅपपासून, म्हणजे प्ले सुरू होताना चेंडू क्वार्टरबॅककडे येतो तिथपासून, चेंडू हातातून सुटेपर्यंत किती सेकंद लागले. तीनच्या पुढे गेलेल्या प्ले वेगळ्या काढा आणि त्याला विचारा, तिथे काय दिसत होतं? उत्तर ऐका. बहुतेकदा मुलाला कारण ठाऊक असतं, कोणी विचारलेलं नसतं.

अचूकता मोजायचीच असेल तर 'झेलण्याजोगा' असा रकाना करा. धावत्या रिसीव्हरला वेग न तोडता, छातीपाशी मिळाला का? मिळाला आणि निसटला, तरी तुमच्या मुलाचं काम झालं. इंटरसेप्शनसाठी तीन वेगळ्या खुणा करा. निर्णय चुकला, फेक चुकली, नशीब. त्यातली पहिली खूण कमी करायची, दुसऱ्यावर सराव करायचा, तिसरी विसरायची. सॅकचेही दोन प्रकार करा, लाइन मोडली की चेंडू जास्त वेळ धरला. आणि कधी तरी त्याने आपल्या लाइनमनना पाणी नेऊन दिलं, सॅकनंतर कोणाला हात देऊन उठवलं, तर तेही बघत जा. ते कुठे लिहू नका, नुसतं बघा. डाव्या गार्डची आई म्हणून सांगते, लाइनमधल्या त्या पाच मुलांच्या लक्षात ते राहतं, आणि पुढच्या प्लेला ते अर्धा सेकंद जास्त उभे राहतात.

कॉलेजच्या आशेबद्दल थोडक्यात. ज्युनिअर व्हार्सिटीच्या टक्केवारीवर कोणी मुलाला निवडत नाही. निवडणारे फिल्म बघतात, उंची आणि बांधा बघतात, शाळेच्या कोचला फोन करतात, मार्कशीट मागतात. देशभरात हायस्कूल फुटबॉल खेळणाऱ्या शंभर मुलांतली साधारण सात एनसीएए या कॉलेज क्रीडा संघटनेतल्या कुठल्या ना कुठल्या संघात पोचतात, सर्वांत वरच्या विभागात तीनेक. तुमचा मुलगा त्यांत असेल किंवा नसेल. पंधराव्या वर्षी ५४ की ६५ याने ते ठरणार नाही. पण सोळाव्या वर्षी त्याला मैदानावर जावंसं वाटतं की नाही, याने नक्की ठरेल. तो खासगी कोच तुमचे पैसे घेतो, म्हणून त्याला एक साधा प्रश्न विचारा: "शाळेच्या कोचशी तुम्ही शेवटचं कधी बोललात?" उत्तर 'कधीच नाही' असेल, तर मुलाला दोन वेगळ्या गोष्टी शिकवल्या जात असण्याची बरीच शक्यता आहे, आणि तुमच्या शीटमधली काही घसरण त्यातूनही आली असेल.

इतर वाचकांपैकी ज्यांची मुलं वेगळे खेळ खेळतात त्यांनी आपल्या खेळाबद्दल एवढंच तपासावं, की आकड्यावर किती जणांचे हात आहेत. पोहणाऱ्या मुलीची वेळ तिची एकटीची असते, तिला सेकंदांचं उद्दिष्ट देता येतं, तेही वाढीच्या वयात शरीर बदलतं हे धरून. बुद्धिबळातलं रेटिंग बरंचसं एकट्याचं. क्रिकेटमध्ये गोलंदाजाच्या विकेटींत क्षेत्ररक्षकांचा वाटा असतो, टप्पा मात्र त्याचा स्वतःचा. फ्लॅग फुटबॉल २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये येतो आहे, त्यामुळे पुष्कळ मुली आता क्वार्टरबॅक होतील आणि त्यांच्या घरांतही अशी शीट फ्रिजवर लागतील. त्या लागण्याआधी हे कोणी वाचलं तर मला बरं वाटेल.

आणि आता गाडीतलं वाक्य.

तुम्ही हा खेळ लहानपणी खेळला नाहीत. नाशिकच्या मैदानावर तुम्ही क्रिकेट खेळला असाल, कबड्डी खेळला असाल. मुलाने निवडलेला खेळ तुम्हाला परका होता, तरी तुम्ही त्याच्या जवळ जायचं ठरवलंत, आणि तुम्हाला जी भाषा उत्तम येते, आकड्यांची, ती घेऊन गेलात. मला तुमच्या शीटमध्ये तुमचं प्रेम दिसतं, हे मी मनापासून लिहिते आहे. पण ते मुलाला दिसत नाही. त्याला दिसतो फोनकडे झुकलेला बाप. त्याने तक्रार केली, म्हणजे त्याला अजून वाटतं की तुम्ही ऐकाल. गप्प बसणाऱ्या पोरांच्या आईबापांची पत्रंही माझ्याकडे येतात, आणि त्यांत बहुतेकदा उशीर झालेला असतो.

त्याला सॉरी म्हणा. लांबण लावू नका. "माझं चुकलं, मी आकडे आधी बघत होतो" एवढंच. 'पण' हा शब्द त्यापुढे येऊ देऊ नका. या गुरुवारच्या सामन्याला फोन बायकोकडे द्या आणि सामन्याचा एक अख्खा क्वार्टर, म्हणजे पाव भाग, फक्त त्याच्याकडे बघा. चेंडू सुटल्यावरही त्याच्याकडेच बघा, चेंडूकडे नको. घरी येताना खेळाचा विषय तुम्ही काढू नका. त्याने काढला तर बोला, नाही काढला तर वाटेत कुठे काही खायला थांबा.

मग एखाद्या निवांत दिवशी फ्रिजवरची शीट त्याच्या समोर काढा आणि फाइलची मालकी त्याच्या नावावर करा. कोचने सांगितलेले दोन रकाने तो भरेल, हवे ते ठेवेल, नको ते पुसेल. तुम्हाला ती बघायची परवानगी द्यायची की नाही हेही तोच ठरवेल. पहिले काही आठवडे बहुधा देणार नाही. मागू नका.